पीयूषिकेला कळणारी लय

सहा-सात वर्षांच्या मुलीत वयात येण्याची चिन्हं दिसू लागली की आईवडील धास्तावतात. मेंदूकडून वेळेआधीच हुकूम सुटल्याचं तपासण्यांत दिसलं, तर डॉक्टर बहुधा ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुचवतात. महिन्याला एक किंवा तीन महिन्यांनी एक. हे औषध म्हणजे तो हुकूम देणाऱ्या रेणूचीच जराशी बदललेली, जास्त ताकदवान प्रतिकृती. ज्या किल्लीनं कुलूप उघडलं, तिनंच ते लावायचं!

मूळ रेणूचं नाव जीएनआरएच. अवघ्या 10 अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशी ते बारीक रक्तवाहिन्यांत सोडतात आणि तिथून ते खाली, हरभऱ्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत पोचतं. 1971 मध्ये त्याची रचना उलगडली, ती अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेनं दीड लाखांहून अधिक डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून जेमतेम मिलिग्रॅमभर द्रव्य गाळल्यावर. शॅली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलमाँ यांना 1977 चं नोबेल मिळालं. रेणू हाती आला, आता तो टोचला की काम झालं, असंच वाटण्यासारखं होतं.

तसं झालं नाही. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं हायपोथॅलॅमसचा नेमका भाग निकामी केलेल्या ऱ्हीसस माकडिणींना हे पेप्टाइड दिलं. अखंड धार चालू ठेवली तेव्हा पीयूषिकेतून येणारी एलएच आणि एफएसएच ही दोन्ही संप्रेरकं ढेपाळली. तासाला एकदा, फक्त सहा मिनिटं दिलं तेव्हा दोन्ही पुन्हा वाहू लागली. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. रेणू तोच, ग्रंथीही तीच. फरक होता तो मधल्या शांततेचा.

पुढे उंदीर आणि पेशींवरच्या प्रयोगांतून या शांततेचा हिशेब जनुकांपर्यंत पोचला. एलएच आणि एफएसएच ही दोन्ही संप्रेरकं दोन-दोन साखळ्यांची. अल्फा साखळी दोघांत सारखीच, वेगळेपण बीटा साखळीत. ठोके द्रुत लयीत पडले की पेशीत एलएच-बीटाचं जनुक जोमानं वाचलं जातं, विलंबित लयीत एफएसएच-बीटाचं. म्हणजे एकच पेशी, एकाच संदेशाचे दोन अर्थ लावते, तेही केवळ ठोक्यांमधलं अंतर ओळखून! स्वतः जीएनआरएच रक्तात काही मिनिटांतच मोडतं, म्हणून एक ठोका दुसऱ्यात मिसळत नाही. मासिक पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनमुळे ही लय मंदावते आणि पुढच्या बीजपुटिकांसाठी लागणाऱ्या एफएसएचची तयारी होते. पीसीओएस हा विकार असलेल्या अनेक स्त्रियांत मात्र लय सतत जलद राहते. एलएच चढतं, एफएसएच मागे पडतं आणि बीज पूर्ण पिकत नाही.

संदेश झेलणाऱ्या ग्राहीचं, म्हणजे रिसेप्टरचं, जनुकही या लयीवरच चालतं. ठोके योग्य अंतरानं आले की पेशी पृष्ठभागावर जास्त ग्राही मांडते. धार अखंड राहिली की ग्राही आत ओढले जातात आणि आतली संदेशयंत्रणाही प्रतिसाद देईनाशी होते. यात एक गंमत आहे. या जातीच्या बहुतेक ग्राहींना पेशीच्या आत एक शेपटी असते, तिच्या साहाय्यानं ते झटपट बंद होतात. सस्तन प्राण्यांतल्या जीएनआरएच ग्राहीला ती नाहीच. त्यामुळे तो सावकाश मिटतो.

म्हणूनच, अखंड धारेसारखं काम करणारं ल्युप्रोलाइड सुरू केल्यावर पहिले काही दिवस संप्रेरकं उलट वाढतात. वेळेआधी वयात येणाऱ्या मुलीत क्वचित थोडा रक्तस्रावही होतो आणि आई घाबरून फोन करते. ही वाढ अपेक्षित असते, हे तिला पहिल्या इंजेक्शनआधीच सांगायला हवं. दोनतीन आठवड्यांत पीयूषिका शांत होते. योग्य वय झालं की इंजेक्शन थांबवतात. ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येतात आणि काही महिन्यांत मेंदूचे ठोके ऐकू जाऊ लागतात.

ज्या स्त्रियांत हायपोथॅलॅमस मुळात ठोकेच देत नाही, त्यांच्यासाठी काही ठिकाणी एक छोटा पंप वापरतात. तो साधारण दीड तासाला एकदा जीएनआरएचचा बारीकसा डोस सोडतो. अखंड धारेनं जी ग्रंथी मुकी होते, ती दीड तासाच्या या ठेक्यावर बीज पिकवण्याचा निरोप देऊ लागते.