दोन मालक, एक ड्रायव्हर, एक वही

पुण्याहून नगरला जाताना वाटेत सुपे लागते. चौकातून पारनेरचा रस्ता फुटतो, डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी मालमोटारींची रांग उभी असते. एस. टी.ची अगदी पहिली गाडी १ जून १९४८ रोजी याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या गाडीचा ड्रायव्हर किती वाजता कामावर आला आणि किती वाजता मोकळा झाला, याची नोंद ठेवणारे एक ठिकाण होते. एस. टी.च्या ड्रायव्हरचा मालक एकच. आगारात हजेरी लागली की त्याचे तास मोजायला सुरुवात होते.

पण आज या रस्त्यावर असे पुष्कळ ड्रायव्हर आहेत की ज्यांचे मालक दोन आहेत, कुणाचे तीन. सकाळी एका ट्रान्सपोर्टचा ट्रक, संध्याकाळी दुसऱ्याचा टेम्पो. कांद्याच्या दिवसांत कांदा, गळिताच्या हंगामात ऊस. कुणाचा ड्रायव्हर आजारी पडला की हे बदलीवर जातात. यात गैर काही नाही. ट्रिपेवर पैसे मिळतात आणि घर चालवायचे असते. पण अशा माणसाच्या कामाच्या तासांचा हिशेब कोण ठेवतो? आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या हिशेबाविषयी.

माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. सकाळच्या तासाला हमखास त्याचा डोळा लागायचा. एके दिवशी मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "काय रे, रात्री काय करतोस?" तो म्हणाला, "सर, टेम्पो चालवतो." "किती तास?" "फार नाही सर, सहा तास." नंतर कळले की सहा तास हे एका मालकाचे. दुसऱ्याचे पाच तास त्याने मोजलेच नव्हते. तो खोटे बोलला नव्हता बरं का! ज्याचे त्याचे तास त्याने ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडले होते. बेरीज करायची राहून गेली होती, एवढेच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपला ड्रायव्हर पहाटे पाचला उठला. सहा वाजता वसाहतीत ट्रक लावला. माल भरायला दोन तास गेले. आठला निघून अकराला तो चाकणला पोहोचला. तिथे माल उतरवायला रांग. एक वाजता सुटका झाली आणि चार वाजता तो सुप्याला परत आला. पहिल्या मालकाच्या लॉगबुकात काय लिहिले? जाताना तीन तास, येताना तीन तास, एकूण सहा. संध्याकाळी सातला दुसऱ्या मालकाचा ट्रक. कांदा भरून नऊला निघाला आणि पहाटे तीनला वाशीच्या बाजारात पोहोचला. दुसऱ्याच्या लॉगबुकात लिहिले आठ तास. पहिली वही म्हणते सहा, दुसरी म्हणते आठ. दोन्ही पाहून कुणालाही वाटेल, ठीक चालले आहे.

पण आपण पाटीवर मांडून पाहू. सकाळी सहा ते दुपारी चार म्हणजे दहा तास. संध्याकाळी सात ते पहाटे तीन म्हणजे आठ. झाले अठरा. जेवणाचा अर्धा तास वजा केला तरी साडेसतरा तास काम! आणि पहाटे तीनला हा माणूस बावीस तास जागा आहे. ही गोष्ट दोन्हीपैकी एकाही वहीत नाही.

कायदा काय सांगतो तेही पाहू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन ते वाढवता येत, पण दहा आणि चोपन्न यांच्या पुढे नाही. सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तास विश्रांती, हेही त्यातच होते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच हा कायदा लागू होता. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने वाहतुकीचे वाहन चालवणाऱ्या कुणालाही तेच तास लावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा कायदा कामगारांची सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला. दिवसाचे आठ तास हे मूळ माप तिथेही तेच आहे आणि जादा तासांना दुप्पट मजुरीही आहे.

त्या १९६१ च्या कायद्यातली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. 'कामाचे तास' म्हणजे नुसते चाक फिरते ते तास नव्हेत. माणूस मालकाच्या हाताशी असतो तो वेळ कामाचा. तेव्हा रांगेत उभे राहिलेले तास "काही केलं नाही" म्हणून सोडून द्यायचे नसतात.

कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट निराळी. एका कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला लावू नये, असे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होते. नव्या संहितेतही कारखाने आणि खाणी यांच्यापुरते तसे बंधन आहे. ड्रायव्हरला मात्र ते कलम लागत नाही. अमेरिकेत यावर एक साधी तोड काढली आहे. ड्रायव्हरने एकाच दिवसात दोन कंपन्यांचे काम केले, तर दोघींचे मिळून सगळे तास त्याने एकाच नोंदीत लिहायचे आणि प्रत प्रत्येकीला द्यायची. नव्या किंवा अधूनमधून येणाऱ्या ड्रायव्हरकडून कंपनीने मागच्या सात दिवसांच्या कामाचे तास सहीनिशी लिहून घ्यायचे. शेवटी मोकळा कधी झालास, हेही त्यात यायला हवे.

तुम्ही म्हणाल, "आता ट्रकला जीपीएस आहे, टोलवर फास्टॅग आहे. मग वही कशाला?" पण ही यंत्रे गाडीचा माग ठेवतात. ड्रायव्हर एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसला, हे दोन्ही गाड्यांना कळत नाही. थकवा मात्र त्याच्याबरोबर दुसऱ्या गाडीत चढतो.

आणि थकवा म्हणजे काय, हे मोजून पाहिलेले आहे. सतरा तास जागा राहिलेला माणूस, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. आपल्या कायद्याने गाडी चालवणाऱ्याला तीसची मर्यादा घातली आहे. म्हणजे आपला कांदेवाला ड्रायव्हर एक थेंब न पिता रात्री दहालाच त्या रेषेपलीकडे गेला होता. ताशी साठच्या वेगाने ट्रक एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जातो. तीन सेकंद डोळा लागला, की पन्नास मीटर ट्रक बिनड्रायव्हरचा!

तर मग करायचे काय? दुकानात मिळते तशी एक लहान वही घ्या. ती कुठल्याच मालकाची नाही, तुमची स्वतःची. ती खिशात किंवा सीटपाशी ठेवा. तिच्यात सहा रकाने पाडा: तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, मालक व गाडीचा नंबर, काम कोणते (चालवणे, भरणे-उतरवणे, थांबणे, दुरुस्ती) आणि सहावा रकाना झोपेचा. जेव्हाचे तेव्हा लिहा. रात्री आठवून लिहिलेली वेळ नेहमी आपल्या सोयीची असते.

बेरीज करताना मध्यरात्रीला रेघ मारू नका. कॅलेंडरची तारीख बाराला बदलते, अंगाचा शीण बदलत नाही. आपल्या उदाहरणात तारखेप्रमाणे तोडले, तर वाशीच्या फेरीचे पाच तास सोमवारी आणि तीन मंगळवारी पडतात. अठरा तास कुठेच एकत्र दिसत नाहीत. म्हणून नीट झोप झाली तिथे रेघ ओढा आणि पुढची झोप येईपर्यंतचे सगळे तास एकत्र मिळवा. दर रविवारी आठवड्याची बेरीज मांडा. दुसऱ्या मालकाची किल्ली हातात घेण्याआधी ते पान त्याला दाखवा.

मालक मंडळींनाही एक विनंती. बदली ड्रायव्हर आला की लायसन्स पाहता, तसा एक प्रश्न विचारा: "आधी कुठं होतास, आणि झोप किती झाली?" उत्तर ऐकून गाडी चार तास उशिरा काढावी लागली, तर तेवढे सोसा.

या वहीने भाडे वाढणार नाही, हे मी कबूल करतो. एखादी ट्रिप सोडावीही लागेल. पण जादा तासांचे पैसे मागताना तुमच्या हातात लेखी काहीतरी असेल. उद्या अपघात झाला, तर त्या वेळी तुम्ही कुणाच्या कामावर होता आणि किती तासांपासून, हे घरच्यांना दाखवता येईल. आणि बेरीज डोळ्यांसमोर असली, तर दोन फेऱ्यांमध्ये झोपायचे की नाही हे ठरवणे सोपे जाते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी. मालमोटार चालवण्याच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट २०१९ साली काढून टाकली. तेव्हा सगळ्याच ड्रायव्हरांचा लिहिण्याचा हात चालेल असे नाही. पण त्यांची मुले तुमच्या वर्गात आहेत. वेळेची बेरीज-वजाबाकी शिकवताना एक दिवस ही वही फळ्यावर आखा. "पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला किती तास जागा?" असे गणित घाला. मुलगी घरी जाऊन वडिलांना रकाने पाडून देईल आणि रात्री विचारील, "आप्पा, आजचे किती झाले?"

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी अशीच एक वही दिली होती. पहिल्या आठवड्याची बेरीज त्याने मला आणून दाखवली आणि बराच वेळ तो त्या आकड्याकडे पाहत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने एका मालकाला रात्रीची फेरी पहाटेची करून मागितली. ती मिळाली. सकाळच्या तासाला तो आता थोडा उशिरा येऊ लागला, पण जागा असे.