जुन्या गाडीची मोड करताना

जुने द्यायचे, वर पैसे घालायचे आणि नवे घ्यायचे, हा व्यवहार आपल्या घरांना नवा नाही. आपल्या आयांनी जुनी लुगडी देऊन बोहारणीकडून पातेली घेतली. फुटका पितळी हंडा मोडीत घालून नवी घागर आणली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, तरी दुकानदाराला दोन प्रश्न वेगवेगळे विचारत. मोडीचा भाव काय? आणि नव्याची किंमत काय? दोन्ही उत्तरे मिळाल्याखेरीज हंडा तराजूत जात नसे. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात बैल बदलणारा शेतकरीही आधी दात बघतो. दोनदाती आहे, चौसा आहे की जुळलेला, हे पाहतो, चालवून बघतो, मगच बोलणी करतो.

मात्र हीच शहाणी माणसे मोटारीच्या शोरूममध्ये पाय ठेवताच गप्प होतात, हे आम्ही पाहत आलो आहोत. तिथला गारवा, गुळगुळीत फरशी, टाय लावलेला मुलगा आणि त्याचे इंग्रजी शब्द पाहून माणूस दबतो. जामखेड तालुक्याच्या टोकाला असलेल्या आमच्या खर्ड्यासारख्या गावातही आता चारचाकी ही केवळ पुढाऱ्याची वस्तू राहिलेली नाही. कुणाचा मुलगा चाकणला किंवा रांजणगावला कारखान्यात आहे, कुणी शिक्षक आहे, कुणाची सून दवाखान्यात परिचारिका आहे. पाच-सहा वर्षे हप्ते फेडून घेतलेली छोटी गाडी आता बदलायची वेळ आली आहे. त्यासाठी खर्ड्याचा माणूस नगरला, बीडला किंवा पुण्याला जातो आणि "जुनी आणा, नवी न्या" हा फलक वाचून आत शिरतो. आत मांडलेला हिशेब दोन-चार लाखांचा असतो, म्हणजे कष्टकरी घराची कित्येक वर्षांची बचत असते. आमचे पोट कारकुनीवर चालते. आकड्यांची सवय आहे, म्हणून तो हिशेब येथे सोपा करून मांडत आहोत.

गाडीला एक नव्हे, तीन किमती

जुन्या गाडीची किंमत एकच असते हा समज आधी काढून टाकावा. पहिली किंमत विम्याच्या कागदावरची. दुसरी, गाडी वापरायला घेणारे घरगुती गिऱ्हाईक देईल ती. तिसरी, पुन्हा विकण्यासाठी घेणारा शोरूमवाला देईल ती. तिसरी ही दुसरीपेक्षा कमी असणारच, त्यात लबाडी नाही. मात्र ती किती कमी असावी, हे आपल्याला ठाऊक हवे.

पहिली किंमत प्रत्येकाच्या घरातच असते. विम्याच्या पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून एक आकडा छापलेला असतो. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली, तर विमा कंपनी ज्या किमतीला ती धरते, तो हा आकडा. त्याचा रूढ तक्ता असा आहे. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर नव्या किमतीतून ५ टक्के वजा, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीन वर्षांच्या आत ३०, चारच्या आत ४० आणि पाचच्या आत ५० टक्के वजा. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांच्या संमतीने आकडा ठरतो. आम्ही बी.कॉम.ला घसारा शिकलो. आयकराच्या हिशेबात खासगी धंद्याच्या मोटारीवर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. तोही वहीतला आकडा. बाजार त्याला विचारत नाही, पण बोलणी कुठून सुरू करावी हे अशा आकड्यांवरून कळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा सारा हिशेब आपण गाडी केवढ्याला घेतली त्यावर नसून आज तशीच नवी गाडी केवढ्याला मिळते त्यावर बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि वरचा उपकरही गेला. समजा, कर सोडून गाडीची मूळ किंमत ५ लाख आहे. छोट्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर मिळून ती ६ लाख ४५ हजारांना पडे, ती आता ५ लाख ९० हजारांना पडते. नवी ५५ हजारांनी उतरली की जुनीचा भावही उतरतो. "मी साडेसहा लाख मोजले होते" हे वाक्य बोलणीत उपयोगाचे राहत नाही.

दुसरी किंमत काढण्यासाठी आपल्यासारखीच गाडी शोधावी. तेच मॉडेल, तेच साल, तेच इंधन, जवळपास तितकेच किलोमीटर आणि तितकेच मालक. अमेरिकेत १९२६ पासून केली ब्लू बुक नावाची भावपुस्तिका निघते. आपल्याकडे सगळ्यांनी मानलेली अशी एकच पुस्तिका नाही. म्हणून मोबाईलवर दिसणाऱ्या जाहिराती, तालुक्यातील जुन्या गाड्यांचा व्यापारी आणि आपला नेहमीचा गॅरेजवाला मिस्त्री अशा तिन्ही ठिकाणी विचारावे. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. तो थोडा उतरवूनच धरावा.

शोरूमवाल्याच्या बाजूने गणित

तिसरी किंमत काढायची तर क्षणभर शोरूमवाल्याच्या खुर्चीत बसावे लागते. समजा, आपली गाडी साडेचार वर्षांची आहे आणि तशी नवी आज ६ लाखांना मिळते. तक्त्याप्रमाणे आयडीव्ही ३ लाख झाली. चौकशीअंती कळले की घरगुती गिऱ्हाईक ३ लाख २० हजार देईल. आता शोरूमवाला काय म्हणेल? चार टायर घासलेत, त्यांचे १८ हजार. दरवाजाला पोचे आहेत, डेंटिंग-पेंटिंगचे १० हजार. सर्व्हिसिंग, धुलाई, नावावर करणे यांचे ५ हजार. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार, तिच्यात पैसा अडकणार, वर त्याचा नफा आणि नफ्यावरचा कर, याचे ३० हजार. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीच्या खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी पडतो. तो पूर्ण किमतीवर नसून फक्त फरकावर असतो. कुणी पूर्ण किमतीवर कर लावून दाखवला तर त्याला थांबवावे. एका घराने दुसऱ्या घराला गाडी विकली तर हा कर लागत नाही.

हे ६३ हजार वजा जाता २ लाख ५७ हजार उरतात. आमच्या उदाहरणातील आकडे मानलेले आहेत, पण रीत हीच. शोरूमने अडीच लाख म्हटले तर तो व्यवहार बोलण्याजोगा आहे. दोन लाख म्हटले तर कारण मागावे, आणि कारण कलमवार मागावे.

मोठा आकडा म्हणजे मोठा फायदा नव्हे

आता खरी मेख पाहू. समजा, नवी गाडी सर्व खर्चासह रस्त्यावर यायला साडेसात लाख लागतात. पहिला शोरूम आपल्या जुन्या गाडीचे २ लाख ९० हजार देतो. ऐकून मन भरून येते. दुसरा अडीच लाखच देतो, पण वर २५ हजार एक्सचेंज बोनस आणि ३० हजार रोख सूट देतो. पहिल्याकडे खिशातून जातात ४ लाख ६० हजार. दुसऱ्याकडे जातात ४ लाख ४५ हजार. जुन्या गाडीला ४० हजार कमी देणारा आपल्याला १५ हजारांनी स्वस्त पडला. पहिल्याने जुनीचा भाव चढवला आणि नवीवरची सूट गुपचूप गिळली.

तिसरी वाटही मोजून पाहावी. गाडी आपणच ओळखीतल्या गिऱ्हाइकाला २ लाख ८५ हजारांना विकली आणि दुसऱ्या शोरूममधून बोनस सोडून फक्त ३० हजारांची सूट घेतली, तर खर्च ४ लाख ३५ हजार. आणखी १० हजार वाचले. पण त्यासाठी दहा माणसांना गाडी दाखवायची, पैसे पूर्ण हातात येईपर्यंत थांबायचे, नावावर करून द्यायची. १० हजारांत ही दगदग परवडते का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

म्हणून आयांची जुनी रीत सोडू नये. मोडीचा भाव वेगळा, नव्याची किंमत वेगळी. शोरूममध्ये आधी नव्या गाडीची पूर्ण किंमत सर्व सुटींसह कागदावर घ्यावी. जुनी द्यायची आहे हे त्यानंतर काढावे आणि तिचा भाव दुसऱ्या ओळीत लिहून घ्यावा. हाताळणी खर्च, सीट कव्हर, पॉलिश, महागडा विमा अशा किरकोळ दिसणाऱ्या ओळी तपासाव्यात, कारण वर दिलेले पैसे पुष्कळदा तिथूनच परत जातात. शेवटी दोन शोरूमचे कागद शेजारी ठेवून एकच आकडा ताडावा. माझ्या खिशातून एकूण किती जाणार?

कर्जाचे हप्ते उरले असतील तर तो हिशेबही वेगळा. गाडी अडीच लाखांची आणि कर्ज १ लाख २० हजार बाकी असेल, तर आपले फक्त १ लाख ३० हजार. "तुमचे कर्ज आम्ही बघतो" असे कुणी म्हणाले तरी बँकेचे फेडल्याचे पत्र मिळेपर्यंत ते कर्ज आपल्याच नावावर असते.

चांगल्या गाडीलाही कमी भाव का?

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. पुढे २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना आणखी दोघांसह विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे साधे होते. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खोटी धरूनच भाव करतो आणि प्रामाणिक माणसाची चांगली गाडीही त्याच भावात जाते.

यावर उपाय एकच, पुरावा. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, टायर-बॅटरीची बिले, विम्याचे जुने कागद, पहिल्या दिवसापासूनची दुसरी चावी, सारे एका पिशवीत ठेवावे. मीटर मागे फिरवण्याचे प्रकार बाजारात चालतात, म्हणून पावत्यांवर चढत गेलेले किलोमीटर हा आपल्या बाजूचा मोठा साक्षीदार. गाडी नेण्याआधी धुवावी, मात्र विकायच्या आधी मोठा रंगकामाचा खर्च करू नये. तो सहसा वसूल होत नाही, उलट काय झाकले आहे अशी शंका येते. ठोकर लागून दुरुस्त झालेली असेल तर सांगून टाकावे, मिस्त्रीला ते दिसतेच.

आणि घाई करू नये. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला. त्याला मराठ्यांच्या अटींवर तह करावा लागला, मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल करावे लागले. अडलेल्या माणसाच्या अटी समोरचाच ठरवतो. पाडव्याला गाडी दारात हवीच असे ठरवून जो आदल्या आठवड्यात शोरूमला जातो, तो स्वतःहून किल्ल्यात शिरतो.

भाव ठरला तरी व्यवहार संपला नाही

पैसे हातात आले की आपण गाडीला नमस्कार करून घरी येतो. पण आरसीवर नाव कुणाचे? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९ साली तिने अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, असे न्यायालयाने ठरवले. दहा-वीस हजार भाव जास्त मिळाला आणि नाव मात्र तसेच राहिले, तर घर विकायची पाळी येऊ शकते.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून द्यावेत, कर्ज असेल तर फॉर्म ३५ जोडावा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नयेत. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. आमच्या खर्ड्याच्या गाड्या नगरच्या एमएच-१६ खाली येतात, पण धाराशिव आणि बीड जिल्हे हाकेच्या अंतरावर आहेत. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली म्हणून जबाबदारी तिकडे जात नाही. गाडी व्यापाऱ्याकडे ठेवत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे तो परिवहन खात्याकडे नोंदलेला हवा. त्याने फॉर्म २९-सी ऑनलाईन भरला की तिथून पुढे गाडीचा मालक तो मानला जातो. त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्यावी, दंडाची बाकी चलने फेडावीत, फास्टॅग बंद करावा.

एक ठेव मात्र आपली असते, ती गाडीबरोबर देऊन टाकू नये. विम्यात वर्षानुवर्षे भरपाई मागितली नसेल तर नो क्लेम बोनस मिळतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर तो नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२ हजार असेल तर ६ हजार तिथेच वाचतात. शोरूममध्ये हे आपणहून सांगणारा क्वचितच भेटतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, शोरूमला जाताना घरातली कर्ती बाई आणि हिशेब येणारा मुलगा किंवा मुलगी बरोबर न्यावी. एक वही न्यावी. डाव्या पानावर नव्या गाडीची प्रत्येक ओळ, उजव्या पानावर जुन्या गाडीची प्रत्येक ओळ लिहावी. दोन्ही पानांची बेरीज झाल्याशिवाय आगाऊ रकमेची पावती फाडू देऊ नये. उद्या दुसऱ्या शोरूमला जाऊन येतो म्हणायला लाजू नये. बैलबाजारात ते रोज म्हटले जाते.