गिरगावच्या नळाची पायवाट

गिरगाव-परळच्या माणसाला डोंगर म्हटलं की माळशेज आठवतो, भीमाशंकर आठवतं, फार तर आसनगावजवळचा माहुली. सॅक पाठीला लावून शेवटची कसारा नाहीतर कर्जत पकडायची, फलाटावर पेपर पसरून डोळा लागला तर लागला, आणि फटफटायच्या आत चालायला लागायचं, ही इथल्या भटक्यांची जुनी रीत. बोरिवलीचं नॅशनल पार्क या हिशेबात कधी धरलंच जात नाही. ते म्हणजे तिसरी-चौथीतली सहल: वनराणीची झुकझुक, सफारीतला जांभया देणारा सिंह, गांधी टेकडी आणि डब्यातली पुरी-भाजी. लोकलनं तासाभरात पोहोचता येतं त्याला ट्रेक कोण म्हणणार?

मला मात्र वाटतं की मुंबईच्या आसपासच्या सगळ्या रानांत गिरगावकरांचा सर्वात जुना ऋणानुबंध असेल तर तो याच रानाशी. तो पर्यटनाचा नाही, पाण्याचा आहे. ते ध्यानात घेतलं नाही तर तिथल्या पायवाटा नुसत्या व्यायामाच्या उरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई तळी आणि विहिरींवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज बसथांब्यांची नावं झाली आहेत. तेव्हा तिथे खरोखर पाणी होतं. मुगभाटातल्या आपल्या बागेतल्या विहिरींचं पाणी शहरातल्या लोकांसाठी खेळवणारे फ्रामजी कावसजी इथलेच, आणि पवईची मोठी इस्टेटही त्यांचीच. पण माणसं वाढली, विहिरी तेवढ्याच राहिल्या. १८५४ साली पावसानं ओढ दिली आणि शहराच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दुष्काळी वर्षांत गुरं शहराबाहेर हलवावी लागली, पाणी बाहेरून वाहून आणून विहिरींत ओतावं लागलं.

साष्टीतल्या डोंगरात मिठी नदीच्या उगमाशी बांध घालून पाणी अडवावं, ही योजना हेन्री कॉनिबेअर या अभियंत्यानं मांडली. (कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच गृहस्थाचा. एकाच माणसानं शहराला चर्च द्यावं आणि प्यायचं पाणीही, असे ते दिवस होते.) १८५६ साली काम सुरू झालं आणि १८६० साली विहारचं पाणी मुंबईत आलं. वाडीतल्या विहिरीचा रहाट थांबून नळाची तोटी आली ती तेव्हापासून. पण तेही पुरेना. काही वर्षांतच विहारचा बांध उंच करावा लागला, १८७९मध्ये तुळशी तलाव पुरा झाला, आणि अखेर १८९२ला तानसाचं पाणी आलं. पुढे हिवतापाच्या भीतीनं गिरगावातली तळी बुजवली गेली, विहिरींवर झाकणं बसली. जुनं पाणी विसरलं गेलं, आणि नवं कुठून येतं हेही.

आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. तीत विहार आणि तुळशी मिळून जेमतेम अडीच टक्के. हिशेबापुरतं पाहिलं तर हे दोन तलाव नसले तरी चालेल, असं एखादा म्हणेल. पण त्यांनी केलेलं मोठं काम वेगळंच आहे. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचे डोंगर राखले गेले. पाणलोटात वस्ती नको, शेती नको, गुरं नकोत. खाली गोरेगाव, मालाड, कांदिवली, मुलुंड भरत गेले आणि वर झाडं उभी राहिली. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, वन्यजीव हे शब्द नंतर आले. कृष्णगिरी उद्यान म्हणून छोटीशी सुरुवात झाली, १९७४ला बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं, ऐंशीच्या दशकात संजय गांधींचं नाव लागलं, आणि क्षेत्र वाढत वाढत १०३ चौरस किलोमीटरवर गेलं. पण रान राखलं ते आधी पाण्यासाठी. बिबट्या या व्यवस्थेतला उपरा लाभार्थी आहे.

तसं पाहिलं तर पाणी अडवायची अक्कल या डोंगराला इंग्रजांनी दिली नाही. मुख्य फाटकापासून सहाएक किलोमीटर आत कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं राबता. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी, त्या दोन उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. त्यांनी जरा वर चढून लेण्यांच्या दाराशी खाली बघावं. जवळपास प्रत्येक विहाराच्या अंगणात, उजवीकडे नाहीतर डावीकडे, कातळात एक चौकोनी तोंड कोरलेलं असतं. वाकून पाहिलं तर आत काळंभोर गार पाणी, आणि तोंडाच्या मानानं पोट कितीतरी मोठं. मग मान वर करून दरडीकडे बघावं. बोटभर खोलीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतात: वरच्या उतारावर पडलेला पाऊस तिरका गोळा करत खालच्या टाक्यापर्यंत आणणाऱ्या. काही ठिकाणी पन्हळ लेण्याच्या कपाळावरून वळवून घेतली आहे, म्हणजे दारात गळायला नको आणि पाणी वायाही जायला नको. पायऱ्यांच्या कडेला हात टेकला तर छिन्नीचे घाव अजून तळव्याला लागतात.

हा खर्च एकट्या भिक्षूंनी केलेला नाही. कल्याण, सोपारा अशा बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दानं दिली, आणि लेण्याबरोबर टाक्याचं दानही शिलालेखात आवर्जून कोरून ठेवलं. अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हणत. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडा कातळ, अशा जागी शेकडो माणसं नांदवायची तर आधी पाण्याची तजवीज हवी, हे त्यांना कॉनिबेअरच्या कितीतरी आधी उमगलं होतं. लेणी ओस पडल्यावरही माणसं येत राहिली. नव्वदाव्या लेण्यात इराणी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं आणि तारखा कोरल्या आहेत, सन १००९ आणि १०२१च्या. भिंतीवर नाव लिहायची खोड आपल्याच पिढीची आहे असं समजून कुणी फार खजील व्हायला नको. अर्थात म्हणून खिशातून मार्कर काढायचीही गरज नाही.

कान्हेरीपर्यंतचा रस्ता डांबरी. पाण्याच्या मागून खरं चालायचं असेल तर शिलोंड्याची वाट धरावी. आधी परवानगी, सोबत वाटाड्या, आणि दिवस सोमवार नको, कारण त्या दिवशी उद्यान बंद. पाऊस ओसरल्यावरचे दिवस उत्तम. वाट ओढ्याच्या अंगानं जाते. कधी पात्रातल्या गुळगुळीत दगडांवरून, कधी काठच्या कारवीतून. डोक्याच्या उंचीवर रानकोळ्यांची जाळी ताणलेली असतात, म्हणून पुढचा माणूस काठी आडवी धरून चालतो आणि मागच्यांना थांबवून वाकायला सांगतो. जाळं तोडायचं नाही, ही तिथली शिस्त. ओलसर वाळूवर फुलपाखरं थव्यानं बसतात, क्षार शोषायला. पाऊल वाजलं की उठतात आणि लगेच तिथेच टेकतात. कारवी दर आठ वर्षांनी फुलते. इथे २००८, २०१६ आणि २०२४ साली ती फुलली. ज्यांचं हुकलं त्यांनी २०३२ची नोंद करून ठेवावी.

गिरगावातून या रानाकडे बघायला शिकवणारा माणूसही गिरगावचाच होता. सलीम अली १८९६ साली जन्मले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे खेतवाडीत वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातलं खेतवाडी तेवढं आपण विसरतो. गणपतीत बारा-तेरा गल्ल्यांतून फिरताना आपण ज्या वस्तीत असतो, तिथला तो मुलगा. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था शंभरीनंतर उद्यानालगत गोरेगावला ३३ एकरांत निसर्गशिक्षणाचं केंद्र चालवू लागली. फोर्टातल्या कपाटांतल्या पक्ष्यांना जिवंत शेजार मिळाला तो असा.

गिरगाव-लालबागची माणसंही तिकडेच सरकली. खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, आणि चाळींतली कुटुंबं दहिसर, बोरिवली, मुलुंडला गेली. काळाचौकीत ज्यांचे वडील पहाटेच्या भोंग्यानं उठत ते आज निवृत्तीनंतर पहाटे पार्काच्या फाटकातून आत शिरतात. त्यातल्या काहींच्या इमारतीच्या आवारात रात्री बिबट्या येऊन जातो. २००४च्या आसपास हल्ल्यांनी शहर हादरलं होतं. दुसरीकडचे बिबटे पकडून इथे आणून सोडण्यानं काय होतं, हा धडा तेव्हा महागात पडून मिळाला. पुढे कॅमेरे लावून मोजणी झाली: २०१५ साली ३५, २०२४ साली ५४. बिबटे वाढूनही २००४ची पुनरावृत्ती झाली नाही. कचरा आणि भटकी कुत्री आवरणं, अंधारात पोरांना एकटं न सोडणं, हे पिंजऱ्यापेक्षा जास्त कामाला आलं.

पाड्यांवरच्या वारली लोकांना हे सांगावं लागलं नव्हतं. त्यांचा वाघदेव आधीपासून वेशीवर बसलेला. नवापाडा, रावणपाडा, केलटीपाडा ही नावं उद्यानाआधीची. कान्हेरीच्या पायथ्याशी काकडी-पेरू मीठमसाला लावून देणाऱ्या बाया, शिलोंड्याच्या वाटेवर पुढे काठी धरून चालणारी पोरं, ही याच रानातल्या पाड्यांवरची. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या डोंगरातून गिरगावला नळ गेला, त्यांच्यातल्या अनेकांना आपल्या दारात नळ यावा म्हणून दोन पिढ्या अर्ज करत राहावं लागलं. राष्ट्रीय उद्यान आहे, बांधकाम चालणार नाही, नळ टाकता येणार नाही, असं उत्तर मिळे.

त्याच उद्यानाच्या पोटातून आता ठाणे-बोरिवली जुळा बोगदा खणला जातो आहे, जोडरस्त्यांसह सुमारे पावणेबारा किलोमीटरचा. २०२४च्या जुलैमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदेही याच डोंगराखालून जायचे आहेत. खोलवरून खणल्यानं झाडांना धक्का लागणार नाही, असं सांगितलं जातं, आणि रस्त्याची गरज घोडबंदरच्या कोंडीत अडकलेला कुणीही नाकारणार नाही. पण या डोंगराची सगळी किंमत कातळातून झिरपणाऱ्या पाण्यात आहे. ओढे दिवाळीनंतर किती दिवस वाहतात, कान्हेरीची टाकी उन्हाळ्यात किती उतरतात, याची नोंद खोदकामाआधीपासून दर महिन्याला जाहीर व्हायला हवी होती. अजूनही सुरू करता येईल. शिलोंड्याचे वाटाडे रोज त्या पाण्यातूनच जातात. त्यांच्या हातात एक मोजपट्टी आणि वही दिली, त्याचे पैसे दिले, तर महापालिकेला आणि वनखात्याला वेगळी यंत्रणा उभारावीच लागणार नाही.