गाणार कोण? चार जण की सारी मंडळी?

यवतमाळकडच्या खेड्यांत नाताळ येतो तो नेमका कापसाच्या वेचणीत. दिवसभर ओटी भरभरून कापूस वेचायचा, घरी येऊन चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, आणि जेवणे आटोपली की चर्चमध्ये गाण्याची तालीम. पेटीचा सूर निघाला की साऱ्या वस्तीला कळते, नाताळ जवळ आला. मारुतीच्या पारावर भजनी मंडळ बसते तेव्हाही पेटी तीच आणि टाळही तेच. वाजवणारा हातही पुष्कळदा एकच, कारण गावात पेटी वाजवणारे असतात किती?

ख्रिस्ती उपासनेत गाणे असतेच, हे आपण गृहीत धरतो. पण हे गाणे भांडून मिळवावे लागलेले आहे. ती हकीगत वाचक बंधू-भगिनींना सांगण्यासारखी आहे.

ख्रिस्ती लोकांत बाप्टिस्ट नावाचा एक मोठा पंथ आहे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणूस जाणता झाला, स्वतः विश्वास ठेवू लागला, म्हणजे त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, ही त्यांची रीत. दुसरी रीत अशी की प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच पाहते. वरून कोणी धर्माधिकारी हुकूम काढीत नाही. तेव्हा कोणते गाणे म्हणायचे, किती म्हणायचे, म्हणायचे की नाही, हेही मंडळीच ठरवणार. आणि जिथे दहा जणांनी ठरवायचे तिथे तंटा आलाच.

लंडनमध्ये बेंजामिन कीच नावाचे बाप्टिस्ट पाळक होते. जन्म 1640 चा. मुलांसाठी एक पुस्तक लिहिले म्हणून 1664 साली सरकारने त्यांना भर बाजारात खोड्यात उभे केले होते. 1673 च्या सुमारास त्यांनी प्रभुभोजनानंतर एक गीत, फक्त एकच गीत, सर्वांनी मिळून म्हणायची चाल पाडली. त्या काळी कित्येक बाप्टिस्टांना हे पाप वाटे. प्रार्थना मनातून उमटावी, आधी लिहून ठेवलेले शब्द तालावर म्हटले तर ती प्रार्थना कसली, असा त्यांचा सवाल. शिवाय सगळे गायला लागले तर विश्वास नसलेलाही त्यांत गाणार! कीच यांनी घाई केली नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी गीत सुरू होण्याआधी खुशाल उठून जावे, अशी सवड ठेवली. हळूहळू सणावारी गाणे आले, आणि पुढे वीसेक वर्षे सरता सरता दर रविवारी गाणे सुरू झाले. त्यावर काही सभासद रागावून बाहेर पडले आणि त्यांनी गाण्याविना चालणारी वेगळी मंडळी काढली. कीच यांनी 1691 मध्ये गाण्याच्या बाजूने पुस्तकच लिहिले.

एका गीतासाठी एवढी वर्षे! आमच्या मते कीच यांचे खरे मोठेपण या सबुरीत आहे. आज एखाद्या पोराने शहरातून नवी चाल आणली की पुढच्याच रविवारी ती म्हाताऱ्यांच्या गळ्यात मारली जाते.

सुतार आणि पंडित

आपल्याकडे हा पंथ आणला तो विल्यम केरी यांनी. बंगालात श्रीरामपूरला त्यांचा छापखाना होता. मराठीचे व्याकरण त्यांनी 1805 साली छापले, मराठी-इंग्रजी कोश 1810 साली. या कामात वैजनाथ पंडितांची त्यांना मोठी मदत झाली. आपल्या भाषेवर या बाप्टिस्ट माणसाचे असे उपकार आहेत.

त्यांच्या हातून 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळी नदीत पहिला बाप्तिस्मा झाला तो कृष्ण पाल याचा. हा सुताराचा धंदा करणारा माणूस. पंडित नव्हे, शास्त्री नव्हे. त्याने बंगालीत गीते रचली. त्यांतले एक इंग्रजीत गेले आणि विलायतेच्या चर्चमधून म्हटले गेले. म्हणजे पहिल्याच पिढीत इथल्या माणसाचा गळा मोकळा झाला होता.

आपल्या पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्हा, आणि त्यापुढे तेलुगू मुलूख. तिकडेही बाप्टिस्टांचे काम मोठे. 1876 ते 78 च्या भयंकर दुष्काळात जॉन क्लाऊ या मिशनऱ्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेऊन लोकांना काम दिले, आणि पुढे 3 जुलै 1878 ला ओंगोलजवळ एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. बहुतेक सगळे गरीब आणि निरक्षर. त्यांच्या हाती पुस्तक देऊन काय उपयोग? त्यांना तोंडपाठ होणारी गाणी हवी होती. तेलुगूत तशी गाणी होती, पुरुषोत्तम चौधरी यांच्यासारख्यांनी देशी रागांत बांधलेली.

यवतमाळची गोष्ट

यवतमाळला मिशन आले ते मात्र बाप्टिस्टांचे नव्हे, फ्री मेथडिस्टांचे. हा पंथ अमेरिकेत 1860 साली निघाला. चर्चमधले बाक पैसे देऊन राखून ठेवायचे नाहीत, गरिबाने कुठेही बसावे, आणि गुलामगिरी नको, असा त्यांचा बाणा. आता गंमत पहा. या पंथाच्या नियमात उपासनेत वाद्य वाजवायला आणि निराळे गायक मंडळ उभे करायला मनाई होती. ती 1943 साली सैल झाली. कारण कीच यांच्या विरोधकांहून अगदी उलट. गाणे नको म्हणून नव्हे, तर गाणे सगळ्यांचे राहावे म्हणून! पगारी गवई पुढे उभे राहिले की लोक श्रोते होतात, ही त्यांना धास्ती होती.

धास्ती खोटी नव्हती.

यवतमाळला 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला हलली. या तीस वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यांतले, निरनिराळ्या पंथांचे तरुण पाळक होण्यासाठी या कापसाच्या गावात येऊन राहिले. बाप्टिस्टांचे बालेकिल्ले ईशान्येकडे. नागा प्रदेशात एडवर्ड क्लार्क 1872 मध्ये पोचले, आणि आज तिथली चर्चे चार आवाजांच्या गायनासाठी नावाजलेली आहेत. बायकांचे दोन आवाज, उंच आणि खालचा, तसेच पुरुषांचे दोन. चौघांची चाल निराळी, पण एकाच वेळी उठते आणि एकमेकींत मिसळते. आपल्याकडे सारे एकाच चालीवर चालतात. त्यांचे शिकणे आपल्या सा-रे-ग-म सारखेच असते. डो, रे, मी ही अक्षरे लिहून चाल पाठ करतात.

मराठी मंडळींची अडचण वेगळी होती. सुरुवातीची गीते इंग्रजीवरून भाषांतरलेली आणि इंग्रजी चालींवर बसवलेली. इंग्रजीत शब्दावर आघात असतो, मराठीत अक्षर ऱ्हस्व की दीर्घ याला महत्त्व. 'कृपा' हा शब्द घ्या. पहिले अक्षर आखूड, दुसरे लांब. चालीने पहिल्यावरच लांब सूर धरला की 'क्रूप' ऐकू येते. अर्थ गेला, नुसता आवाज उरला.

ही कोंडी फोडली ती नारायण वामन टिळकांनी. कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्म, 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा, 1919 मध्ये मृत्यू. त्याआधी ते नागपूरला आणि राजनांदगावला होते, तेव्हा विदर्भालाही त्यांच्यावर थोडा हक्क सांगता येईल. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांनी अभंग, ओवी, भजन हाच साचा धरला. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. ऐकता ऐकता पाठ होणारी ही रचना. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी उचलायचे. निंदणाच्या रांगेत बाया गातात तसे. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून ती गाणी घरोघर गेली. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या याच.

आता पेटी ही मुळात परदेशी. तिच्यावर आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंदी घातली होती. तरी खेड्यात देवळाने आणि चर्चने दोघांनीही तिला आपली म्हटले. इलेक्ट्रिक कीबोर्डाचे तसे होईल का, याची आम्हाला शंका आहे. त्यातला तयार ठेका माणसासाठी थांबत नाही. आजीबाईला श्वास घ्यायचा असतो, ठेका पुढे निघून जातो, आणि मग पन्नास वर्षे तोंडपाठ असलेले गाणे ती नुसते ऐकत बसते.

म्हणून गायक मंडळाने तालमीतच एक गोष्ट पाहावी. सूर कोणता धरायचा? पुरुषांचा गळा साधारण काळी एक-दोनला सुखी, बायकांचा काळी चार-पाचला. मंडळातल्या चांगल्या गळ्याला उंच सूर भावतो, पण बाकावरच्या माणसाला तो झेपत नाही आणि तो गप्प होतो. निराळे गीत बसवले असेल तर ते मंडळाने आपल्या सुरात खुशाल गावे, एखादे चार आवाजांतही गावे. पण सर्वांच्या गीताला सूर दोन पट्ट्या खाली घ्यावा, पहिले कडवे मंडळाने म्हणावे, दुसऱ्यापासून पेटी हलकी करावी, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो का ते ऐकावे. येत नसेल तर सूर आणखी एक पट्टी उतरवून पहावे.