रसायन आणि दमा

दमा म्हटला कीं धूळ, थंडी अथवा फुलांचे पराग हीं कारणें आपल्या मनांत उभीं राहतात. परंतु कारखान्यांतील एखाद्या रसायनाच्या वाफेनेंही दमा जडतो. त्यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, महिनेमहिने निर्धास्तपणें काम केलेल्या मनुष्यास एके दिवशीं त्याच खोलींत पाऊल टाकतांच धांप लागते. काल जी वाफ निरुपद्रवी वाटली तिनेंच आज छाती कां आवळावी? हें कोडें उलगडण्याच्या कामीं गिनीपिग व उंदीर हे मुके प्राणी फार उपयोगीं पडले आहेत.

आपल्या शरीरांत रोगप्रतिकारशक्ति अहोरात्र पहारा करीत असते. आपलें कोणतें व परकें कोणतें हें ती मुख्यतः प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंवरून ओळखते. साध्या रसायनाचा रेणु इतका लहान कीं, तो एकटा असतां पहाऱ्याचें लक्षही त्याकडे जात नाहीं. मग त्याचें वावडें कसें उत्पन्न होतें? न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत कार्ल लँडस्टायनर व जेकब्स यांनीं १९३५ सालीं गिनीपिगांवर साध्या रसायनांचे प्रयोग केले, आणि त्या प्राण्यांस त्या रसायनांचें वावडें उत्पन्न झालें. पुढील शोधांवरून असें ठरलें कीं, असें रसायन शरीरांतील प्रथिनास जाऊन चिकटतें व त्याचें रूप पालटतें. घरच्याच माणसानें अनोळखी पगडी चढवावी आणि दारावरच्या रखवालदारानें त्यास चोर समजून हांक मारावी, तसाच हा प्रकार होय.

गाद्यांचा फोम व कांहीं रंग बनविण्यास टोल्यूईन डायआयसोसायनेट नांवाचें रसायन लागतें. त्यापासून कामगारांस होणाऱ्या श्वासाच्या विकाराची नोंद १९५१ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९८१ सालीं अमेरिकेंत मेरिल कॅरल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें द्रव्य गिनीपिगांच्या केवळ त्वचेस लावलें. कांहीं दिवसांनीं तेंच द्रव्य प्रथिनाशीं जोडून हुंगावयास देतांच कित्येकांचा श्वास बिघडला. बोध असा कीं, कातडीस लागलेलें रसायनही फुप्फुसांशीं वैर उत्पन्न करूं शकतें.

आंतील क्रम उंदरांवरून समजला. पालटलेल्या प्रथिनाची वार्ता पहारेकरी पेशी जवळच्या लसिकाग्रंथींत पोंचवितात. तेथें टी-पेशी सज्ज होऊन रासायनिक निरोप धाडूं लागतात. एका निरोपानें आय-जी-ई नांवाचें प्रतिद्रव्य तयार होतें. दुसऱ्यानें इओसिनोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसांत जमतात. तिसऱ्यानें कफ वाढतो व श्वासनलिका चिडखोर बनतात. टी-पेशी ज्या थायमस ग्रंथींत पक्व होतात ती ग्रंथि जन्मतःच नसलेल्या उंदरांत हा चिडखोरपणा आढळला नाहीं. मात्र या रसायनामुळें दमा झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तांत तें प्रतिद्रव्य सांपडत नाहीं. म्हणून एकट्या रक्ततपासणीवर विसंबून चालत नाहीं.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. प्रयोगांतील दमा थोड्या काळाचा. कामगाराचा दमा काम सोडल्यावरही कित्येकदां वर्षानुवर्षें टिकतो. एकदां वावडें जडलें कीं अत्यल्प वाफही पुरते. यास्तव आरंभींच सावध होणें हाच खरा उपाय. घरांतील कोणी फोमच्या अथवा रंग फवारण्याच्या कामावर असेल, व त्यास कामानंतर खोकला, रात्रीं धांप आणि सुटींत आराम असा अनुभव येत असेल, तर त्यानें वैद्यास आपल्या कामाची हकीकत अवश्य सांगावी. विद्यार्थ्यांनींही प्रयोगशाळेंत हातमोजे व मोकळी हवा यांस क्षुल्लक लेखूं नये. ज्या मुक्या जीवांच्या श्वासाच्या मोलानें हें ज्ञान आपणांस लाभलें, त्यांचें ऋण मनुष्याचा श्वास राखूनच फेडतां येईल.