रातवा ओळखताना

ताम्हिणीच्या रस्त्यावर रात्री गाडीच्या झोतात निखाऱ्यासारखे दोन लाल ठिपके चमकतात आणि जवळ जाताच जमिनीवरून एक पक्षी आवाज न करता उडून जातो. तो रातवा. डोळ्यांच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून ते असे चमकतात. पण कुठला रातवा? या प्रश्नापायी माझ्या वहीतली ११ वर्षांची टिपणे मला खोडावी लागली.

मुळशी म्हटले की रान आणि रान म्हटले की जंगली रातवा, असे मी धरूनच चाललो होतो. दिवसा पाचोळ्यात बसलेला हा पक्षी हातभर अंतरावरही दिसत नाही. दिसलाच तर तपकिरी-करडी नक्षी सगळ्या जातींची सारखीच. पुस्तके शेपटी पाहायला सांगतात. जंगली रातव्याच्या नराला मधली जोडी सोडून बाकी पिसांच्या टोकाशी पांढरे ठिपके, भारतीय रातव्याला फक्त बाहेरच्या दोन जोड्यांना. अंधारात उडत्या पक्ष्याची पिसे मोजणाऱ्याला माझा नमस्कार!

खरी ओळख कानाने होते. एका मार्चमध्ये तिन्हीसांजेला खाचराच्या बांधावर बसलो होतो. रानाच्या कडेने ‘चक्-चक्-चक्’ असे एकसारखे ठोके आले. तो जंगली रातवा. मग माळावरून दुसरा आवाज. टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सुटावा आणि त्याचे टप्पे आखूड होत थांबावेत, तसा. हा भारतीय रातवा. माझ्या बहुतेक जुन्या नोंदी याच माळावरच्या होत्या.

नावांनी चकवा आधीही दिला आहे. विल्यम साइक्स याने १८३२मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तीत एका रातव्याला मराठ्यांवरून ‘महरॅटेन्सिस’ म्हटले. त्याची वीण मात्र सिंध-बलुचिस्तानसारख्या रखरखीत मुलखात होते. इकडे तो हिवाळी पाहुणा. आणि ‘कॅप्रिमल्गस’ या वंशनामाचा अर्थ शेळीचे दूध पिणारा! बिचारा खातो किडे.

माझी चूक वहीपुरती राहिली नाही. रातवा घरटे बांधत नाही. एक-दोन अंडी उघड्या जमिनीवरच घालतो, तीही उन्हाळ्यात. त्याच दिवसांत माळांना वणवे लागतात. गावातल्या बैठकीत कुणी विचारले, तेव्हा ‘हा रानातला पक्षी, माळावर काही नाही’ असे मीच सांगितले होते. त्या वर्षी माळ पेटवला गेला.

जिथे आवाज ऐकल्याची नोंद नाही, तिथे आता मी जात खोडून नुसते ‘रातवा’ लिहिले आहे.