रोजा आणि डोळ्यातले थेंब

ईदला चष्मा नको म्हणून लेकीनं रमजानच्या दोन दिवस आधी लॅसिक करून घेतलं. सुई नाही, थेंबांनीच डोळा बधिर. थोडा दाब, काही सेकंद अंधार, मग लेसर, मिनिटभरसुद्धा नाही. जळका वास येतो, पण डोळा भाजत नाही. घरी चार-पाच तास चुरचुर आणि धुकं.

पहिल्याच रोज्याला तिनं औषध टाळलं. रोजा मोडेल म्हणे! आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात, डोळ्यातल्या थेंबांनी रोजा मोडत नाही. थेंब चुकवले तर जंतुसंसर्गाची, सुजेची भीती. वुजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुणं, तेही जपून; आठवडाभर डोळ्यात पाणी नको, चोळणं तर नकोच.

इफ्तारनंतर बाजारात तिला दिव्यांभोवती वलयं दिसली. ती हळूहळू ओसरतात. दुखणं वाढलं, नजर उतरली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.

सहरीला उठल्यावर तिचा हात अजून उशाशी चष्मा शोधतो.